जांभळाचं आळं

दौंड स्टेशनच्या बाहेर जांभळांच्या हातगाड्या लागल्या आणि सीमाने त्या बाजूने जायचंच सोडलं. रेल्वेच्या कचेरीत जायला तोच रस्ता जवळचा, पण ती वळसा घालून जायची. दुपारी डबे उघडले की कचेरीतल्या बायका मधोमध मीठ लावलेली जांभळं ठेवायच्या. सीमा म्हणायची, घसा धरलाय. पंधरा-पंधरा दिवस एकाच बाईचा घसा कसा धरतो, असं कुणी विचारलं नाही, कारण तिचे वडील फेब्रुवारीत गेले होते आणि बाप गेलेल्या बाईला कुणी फार खोदून विचारत नाही.

घशाला काही झालं नव्हतं. यंदा जांभूळ खायचं तर मळईवस्तीचंच, एवढंच तिने मनाशी घेतलं होतं. त्या झाडाचं आणि तिचं वय एकच होतं, आणि त्याचं एकही फळ तिने आजवर तोंडात टाकलेलं नव्हतं.

तिचे वडील ज्ञानदेव रणपिसे पाळक होते. म्हणजे ख्रिस्ती मंडळीची रविवारची उपासना चालवायची, लग्नं लावायची, मयताच्या वेळी पुढे उभं राहायचं, आणि कुणाची म्हैस अडली म्हणून बोलावणं आलं तरी सायकल काढायची. हे शेवटचं काम पाळकाच्या कामांत कुठे सांगितलेलं नाही, पण ज्ञानदेवांना त्याचीच हौस जास्त. नोकरी बदल्यांची. सगळी हयात शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत गेली, कधी भीमेच्या अल्याड तर कधी पल्याड. त्यांची मंडळी चर्चला देऊळच म्हणते. नव्या गावी गेले की ज्ञानदेव देवळाच्या आवारात आधी खड्डा खणायचे आणि सामानाच्या पेट्या मग उघडायचे. ललिताबाई स्टोव्ह शोधत बसलेल्या असायच्या आणि नवरा कुणाकडून तरी शेणखत मागून आणत असायचा. झाड फळाला यायच्या सुमाराला बदलीचा हुकूम यायचा. ट्रंका टेम्पोत चढायच्या आणि झाड मागे राहायचं.

माणूस मोठा छांदिष्ट होता. एकदा देवळातल्या पंख्यावर चिमणीने घरटं केलं, तर यांनी पंख्याचं बटण चिकटपट्टी लावून बंद करून टाकलं. एप्रिल-मे अख्खा मंडळीने घाम पुसत भक्ती केली. पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या कुरकुरल्या तेव्हा हे म्हणाले, "ती बी आपल्याच देवळात ऱ्हाती की. तिला कुठं जा म्हणू?" पिल्लं उडाली त्या रविवारी उपदेशापेक्षा पंख्याचंच कौतुक जास्त झालं.

आणि तेवढाच माणूस घरवेडा. ललिताबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, त्यांची शाळा सकाळची, म्हणून सीमाच्या वेण्या बापच घालायचा. भांग कायम वाकडा. संध्याकाळी जेवणाच्या वेळी कुणी दाराशी आलं तर ताटावरूनच सांगायचे, "आत्ता मी बाप हाय. घटकाभरानं पाळक होतो, तवा या." लोकही हसून ओट्यावर बसून राहायचे. तरीसुद्धा सीमाला लहानपणापासून एक बारीक ठसठस होती. आपला बाप सगळ्यांचा आहे, मग त्यातला आपला किती? ती चाळिशी ओलांडून गेली, दोन मुलांची आई झाली, पण ही ठसठस काही गेली नाही.

मळईवस्ती म्हणजे वडगाव रासाईच्या अलीकडे, नदीच्या गाळात वसलेली घरं. सीमा तिथलीच. तिचा बाप्तिस्मा झाला त्या दिवशी भांड्यात उरलेलं पाणी सेवकाने मोरीत ओतायला घेतलं, तर ज्ञानदेवांनी त्याचा हात धरला. लेकराच्या कपाळाला लागलेलं पाणी मोरीत जायचं नाही, असं म्हणून ते भांडं घेऊन तसेच बाहेर गेले. आदल्या दिवशी लावलेल्या जांभळाच्या रोपाला त्यांनी ते घातलं. तेव्हापासून वस्तीत रीतच पडली. कुणाच्याही लेकराचा बाप्तिस्मा असो, उरलेलं पाणी जांभळाच्या आळ्यात. पाळक बदलत गेले, पण रीत राहिली. वस्तीतली सगळी पोरं त्या एका झाडाच्या पाण्याची भागीदार झाली. झाड सीमाचं, आणि पाणी सगळ्यांचं. बापासारखंच झालं की ते.

ती नऊ वर्षांची असताना जांभळाला पहिल्यांदा फळं धरली. हिरवी, टणक, वाटाण्याएवढी. पिकायला महिना होता आणि मेमध्येच बदली आली. सीमा टेम्पोच्या चाकापुढे आडवी पडली. बाप शेजारी उकिडवा बसला.

"इथलं सीताफळ खातीस न्हवं दर साली? ते कुणी लावलं?"

"आधीच्या पाळकांनी."

"त्यांची पोरं आली का खायला?"

"न्हाई."

"मग आता तुझी जांभळं पुढच्यांच्या पोरांना खाऊ दे."

सीमाला हे तेव्हा पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुरतं पटलं नव्हतं. पुढे ती मळईवस्तीला लग्नाकार्याला गेली, मयताला गेली, पण जांभळाच्या दिवसांत जाणं कधी जमलंच नाही. आज परीक्षा, उद्या बाळंतपण, परवा रजा नाही.

निवृत्तीनंतर पाळक आणि पाळकबाई केडगावला स्टेशनजवळ छोटं घर घेऊन राहिले. जानेवारीत ज्ञानदेवांना दवाखान्यात ठेवावं लागलं. शेवटी शेवटी डॉक्टरांनी तोंडावाटे काही द्यायचं नाही म्हणून सांगितलं होतं, पाणीसुद्धा नाही, कारण ते घशात उतरण्याऐवजी छातीत गेलं असतं. ते पाणी मागायचे. सीमा कापूस ओला करून त्यांच्या ओठांवरून फिरवायची. त्यांनी एकदाही हट्ट केला नाही. फक्त पेल्याकडे बघायचे, आणि ते बघणं तिला सोसायचं नाही. एका दुपारी जरा हुशारीत होते तेव्हा म्हणाले, "जूनमधी मळईवस्तीला जाऊ. तुझी जांभळं तुला खाऊ घालायची ऱ्हायलीत. येवढं एक ऱ्हायलंय माझं."

मग फेब्रुवारी आला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पोपटरावांचा फोन आला. पोपटराव मळईवस्तीचे ऊस-डाळिंबवाले बागायतदार. देवळाच्या भिंतीला लागून त्यांची जमीन. ते मंडळीतले नव्हते, वर्षातून दोनदा जेजुरीला जाणारा माणूस, पण ज्ञानदेवांचा त्यांच्याइतका जवळचा दोस्त दुसरा नव्हता.

"सीमा, पोपटमामा बोलतोय. येत्या रविवारी साहेबांची स्मरणाची उपासना ठेवलीय. बाईंना घिऊन ये. आन् आम्ही समद्यांनी मिळून एक काम केलंय साहेबांच्या नावानं. ते आल्यावर बघ."

"मामा, जांभळं लागलीत का?"

"यंदा कमीच हायेत. गळ झाली जरा. तू ये तर खरं."

विनोद, तिचा धाकटा भाऊ, कुरकुंभच्या कंपनीत होता. त्याला रविवारी पहिली पाळी होती आणि बदली माणूस मिळेना. त्याने आदल्या संध्याकाळी गाडी केडगावला आणून ठेवली, आईला म्हणाला, माझ्या वाटची दोन जांभळं आणा. सकाळी सीमाने गाडी काढली. भीमेच्या पुलावर ललिताबाईंनी काच खाली केली.

"इथं सायकल थांबवायचे," त्या म्हणाल्या. "पाणकावळा बुडला की कुठून वर येतो ते बघायला. मी म्हणायची, भक्तीला उशीर व्हईल. तर म्हणायचे, चालूच झालीय भक्ती."

सीमाने गाडी हळू केली, पण थांबवली नाही. थांबवली असती तर तिला पुढे जाता आलं नसतं.

वस्तीत शिरताच "सलाम, पाळकबाई" म्हणत बायका पुढे आल्या. ललिताबाई त्यांच्या गळ्यात पडल्या आणि सीमा सरळ देवळाच्या मागे गेली. लहान मूल घरी आल्यावर आधी आईला शोधतं तशी ती झाडाला शोधत गेली.

झाड होतं. पण बुंध्याभोवतीचं आळं नव्हतं. तिथे कमरेएवढा चौकोनी कट्टा उभा होता, वर लालसर ग्रॅनाइट, इतकं गुळगुळीत की त्यात फांद्या दिसत होत्या. सिमेंट पार बुंध्याच्या सालीपर्यंत भरलेलं. कट्ट्याच्या भोवती सगळ्या आवारात पेव्हर ब्लॉक. समोरच्या बाजूला पांढऱ्या कापडाखाली पाटी झाकलेली होती आणि कापडावर झेंडूचा हार. सीमाने वर पाहिलं. शेंड्याकडच्या फांद्यांना पान नव्हतं. खालची पानं कडेने करपलेली. कोपऱ्यात कुणीतरी झाडून लोटलेल्या कचऱ्यात सुकलेली हिरवी फळं होती, वाटाण्याएवढी. ती नऊ वर्षांची असताना सोडून गेली होती, तेवढीच.

तिने सालीवर हात ठेवला, आणि सालीच्या खाली लगेच सिमेंट लागलं.

ललिताबाई मागून आल्या. त्यांनीही वर पाहिलं, खाली पाहिलं. चाळीसहून जास्त वर्षं झाडवेड्या माणसाबरोबर काढलेल्या बाईला काही समजावून सांगावं लागत नाही.

"आई, हे मरतंय."

"दिसतंय मला."

"मी सांगते त्यांना."

"गप ऱ्हा, सीमा." ललिताबाईंनी तिचं मनगट धरलं. "घराघरातून गोळा करून केलंय त्यांनी. आज लोकं नवी लुगडी नेसून आलीत. तुझ्या पप्पांनी कधी कुणाच्या हातचं परत केलं का? मिठाचा डोंगर घातलेली भाजी सुदीक गोड म्हणून खाल्ली त्या माणसानं."

सीमा आईबरोबर देवळात निघाली. पण मनातून ती पेटली होती. बापाला हे पटलं असतं का, आणि पटलं नसतं तर तो बोलला असता का, या दोन प्रश्नांची उत्तरं तिला वेगवेगळी येत होती.

उपासना झाली. नवे पाळक महेंद्र वयाने कोवळे, पण आवाज गोड. वस्तीची लेक अपेक्षा, तिच्या मुलीचा त्याच वेळी बाप्तिस्मा होता. ज्ञानदेवांच्या स्मरणाच्या दिवशीच व्हावा, असा तिचाच आग्रह. मुलगी कपाळाला पाणी लागताच रडायची थांबली आणि सगळं देऊळ हसलं. मुलीचं नाव अनुपमा ठेवलं. मग एकेक जण उठून पाळकसाहेबांबद्दल बोलला. पोपटराव एरवी उपासनेच्या वेळी बाहेर जांभळाखाली बसायचे. आज आत आले होते, तरी दाराजवळच उभे राहून बोलले.

"माझ्या हिरीवर बाभूळ व्हती. तोडायला कुऱ्हाड घिऊन गेलो तर साहेब सायकल टाकून आडवे आले. म्हणाले, सुगरणीची घरटी लटकलीत, पिल्लं उडाली की तोडा, मी सोता दोरी धरतो. म्या म्हणलं, बरं. पिल्लं उडाली. साहेब दोरी घिऊन आले बी. म्हणले, चला. आन् माझाच हात उचलंना." त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "बाभूळ अजून हाय. साहेब न्हाईत."

सीमा त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसावर रागवायचं तरी कसं?

सगळे मागच्या आवारात जमले. पाटी उघडायला सीमालाच पुढे केलं. तिने कापड ओढलं. पाळक ज्ञानदेव रणपिसे यांच्या प्रेमळ स्मरणार्थ, समस्त मळईवस्ती. टाळ्या झाल्या. मोबाइल वर झाले.

"कसं वाटलं, सीमा?" पोपटरावांचा चेहरा एवढा उजळलेला होता की तिला खाली बघावं लागलं.

"छान झालंय, मामा."

महेंद्र म्हणाले, "आता आपल्या रीतीप्रमाणे अनुपमाचं पाणी झाडाला घालू या."

अपेक्षा पितळी भांडं घेऊन पुढे आली. कट्ट्याजवळ गेली आणि थबकली. पाणी घालायचं कुठे? तिने पाळकांकडे पाहिलं. पाळक नवे, त्यांनी मान डोलावली. तिने आपलं वाकून बुंध्याशी भांडं तिरकं केलं.

पाणी ग्रॅनाइटवर पसरलं, आणि उताराला लागून ज्ञानदेवांच्या नावावरून खाली ओघळलं. कट्ट्याच्या कडेवरून ब्लॉकवर पडलं, ब्लॉकच्या फटींतून वाट काढत भिंतीकडच्या गटारीला निघालं. वाटेत पोपटराव उभे होते. कार्यक्रमासाठी त्यांनी पायताणं काढून ठेवली होती. पाणी त्यांच्या बोटांना लागलं.

त्यांनी खाली पाहिलं. मग पाण्याच्या मागे मागे त्यांची नजर कट्ट्यापर्यंत गेली, आणि तिथून वर शेंड्यापर्यंत. अनुपमा तेवढी आजीच्या खांद्यावरून हुंकारत होती.

"हे पाणी कुठं चाललंय?" पोपटराव म्हणाले.

महेंद्र पुढे आले. "मामा, कार्यक्रम होऊ द्या, नंतर बघू."

पोपटरावांना ते ऐकू गेलं नसावं. "आरं, माझ्या डाळिंबाच्या एका बुडाला म्या असं केलं असतं का? रोज आळी करणारा माणूस मी. बुंध्याला माती सुदीक टेकू देत न्हाई, आन् साहेबांच्या जांभळाला सिमेट भरलं." ते ललिताबाईंकडे वळले. "बाई, तुम्हाला दिसलं व्हतं?"

"दिसलं व्हतं."

"आन् बोलला न्हाईत."

"तुम्ही मायेनं केलंत, पोपटराव. मायेला नावं कशी ठेवायची?"

पोपटराव सीमाकडे बघू लागले. तिने आईकडे पाहिलं. या वेळी ललिताबाईंनी तिचं मनगट धरलं नाही.

"मामा, मगाशी मी खोटं बोलले," सीमा म्हणाली. "पाटी छान आहे, पण झाड चाललंय. पप्पा शेवटी पाणी मागत होते. डॉक्टरांनी बंद केलं होतं, मला देता आलं न्हाई. नुसता कापूस फिरवत बसले मी. मला याला तरी पाणी द्यायचंय. बाकी काही नको. पाटी पण नको."

एवढं बोलून तिने तोंडाला पदर लावला. बापाच्या मयतालाही ती इतक्या लोकांसमोर रडली नव्हती.

पोपटरावांनी टोपी काढून भिंतीवर ठेवली. "पहार आणा," ते म्हणाले.

पहारी आल्या, घण आले. चार-दोन जण म्हणाले, आज राहू द्या, उद्या गडी लावू, एवढ्या चांगल्या कपड्यांत कुठे. पोपटरावांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, तसे तेही आपापल्या बाह्या वर करू लागले. नव्या लुगड्यांतल्या बायकांनी घमेली घेतली. कुठल्या स्मारकाचं उद्घाटन आणि पाडकाम एकाच दिवशी, त्याच माणसांच्या हातून झालं असेल तर ते मळईवस्तीतच.

बाजू सुटल्या, ब्लॉक उचकटले. पाटीपाशी मात्र पोपटरावांचा हात अडला. पहार वर नेली आणि तशीच खाली आणली. बाभळीपुढे अडला होता तसाच.

"साहेबांचं नाव हाय," ते म्हणाले.

ललिताबाई पुढे झाल्या. त्यांनी नावावरून एकदा तळवा फिरवला, वेण्या घालून झाल्यावर ज्ञानदेव लेकीच्या डोक्यावरून फिरवायचे तसा. "मारा, पोपटराव. ते असते तर पयली पहार त्यांचीच पडली असती. आन् तुमच्यावर रागावले बी नसते."

पाटी दोन जागी तडकली. पोपटरावांनी तुकडे स्वतः उचलून भिंतीशी ठेवले, आणि उपरण्याने डोळे पुसले. कुणीही त्यांच्याकडे पाहिलं नाही.

सिमेंट निघालं तेव्हा खाली माती होती, भुरकी, कोरडी, भीमेच्या गाळाची असूनही राखेसारखी. सीमा गुडघ्यांवर बसली आणि हातांनी ती बाजूला सारू लागली. आळं कसं करायचं ते तिला बापाने शिकवलं होतं. बुंध्याशी उंच, मग गोल चर, मग बाहेर बांध. मुळं दिसली, काही तोडलेली, काही तशीच. नखांत माती भरली. तिच्या दोन्ही बाजूंना बायका बसल्या, त्यात अपेक्षाही होती. हे कुणाचं झाड, असं त्या वेळी कुणी विचारलं असतं तर सीमाला पटकन सांगता आलं नसतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याचं तिला काही वाटलं नाही.

"भांड्यात थोडं ऱ्हायलंय," अपेक्षा म्हणाली.

ओंजळभर असेल नसेल. तिने भांडं सीमापुढे धरलं. सीमाने ते घेतलं आणि चरात हळूच ओतलं. पाणी क्षणभर धुळीवर थरथरलं आणि आत गेलं. घटकन घोट गिळावा तसं गेलं. मागे ओला डाग राहिला.

"प्या, पप्पा," ती म्हणाली. अगदी हळू म्हणाली, पण ललिताबाईंना ऐकू आलं आणि त्या तिच्या शेजारी मातीत बसल्या.

झाड जगेल की नाही, ते कुणालाच सांगता येत नव्हतं. यंदा जांभूळ मिळणार नव्हतं, कदाचित पुढच्या वर्षीही नाही. ओला डाग बघता बघता फिका होत चालला होता. पोपटराव तोवर कॅन घेऊन आपल्या विहिरीकडे निघाले होते, आणि त्यांच्या मागे सगळी वस्ती हाताला लागेल ते भांडं घेऊन निघाली होती.